सातवी स्लाइड

डोळ्याच्या एवढ्याशा चित्रावर तिरपी रेघ आली आणि सातवी स्लाइड फिकट झाली. गेली नाही, नुसती फिकट… सहावी ठसठशीत, आठवी ठसठशीत, आणि मधली ही आजारातून उठलेल्या माणसासारखी. तेजस्विनीने अंगठा टेकवला, रेघ गेली. परत टेकवला, रेघ आली. गावाच्या फाट्यावर चिंचेखाली स्कूटी लावून ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला, ड्रायव्हरने तिच्या खाकी गणवेशाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. वनखात्याची खाकी दिसली की या दिवसांत लोक तोंड फिरवतात. त्याची आता सवय झाली, असं ती घरी सांगत असे. सवय कसली होते.

काढूनच टाकता आली असती की. बोट दाबून धरायचं, कचऱ्याची पेटी दिसते, तिच्यावर दाबायचं, संपलं. पण साहेबांनी काल फोनवर बजावलं होतं — बारा स्लाइड म्हणजे बारा, वरून आल्यात, एकही कमी करायची नाही, कार्यक्रम झाला की फोटो आणि फाइल परत माझ्याकडे. वरून म्हणजे नेमकं कुठून, हे अकरा वर्षांच्या नोकरीत तिला कुणी सांगितलं नव्हतं. वरून बिबट्यांचे फोटो आले होते, 'काय करावे' आणि 'काय करू नये' आलं होतं, आणि सातव्या स्लाइडवर चार रिकाम्या ओळी आल्या होत्या. स्थानिक घटना. वनरक्षकाने आपल्या भागातली एखादी घटना भरावी. मुलाचे वय. वेळ. मूल कोणासोबत होते. काय चुकले.

ते तिनेच भरलं होतं, महाळुंगे पडवळच्या घरी, ओट्याशी उभं राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजत, एका अंगठ्याने. वय सहा. सायंकाळी सव्वासहा. एकटे होते. आणि चौथ्या ओळीत 'मुलाला' एवढं टाइप केलं तर पुढचे शब्द मोबाइलनेच आणून ठेवले — एकटे, मग सोडले — तिने ते नुसते दाबले. काम उरकलं म्हणून बरंही वाटलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी शिनोलीत ती स्लाइड दाखवली तेव्हा बायका चुकचुकल्या, एक जण म्हणाली, "कसली आई म्हनायची ही," आणि तेजस्विनीने मान हलवून आठवी स्लाइड पुढे घेतली. मान हलवली होती मी. कुणी सांगितलं होतं हलवायला?

आणि आजचा कार्यक्रम बिबट्याने नेलेल्या त्या मुलाच्याच गावात होता.

लपवली की भिंतीवर दिसत नाही आणि फाइलमधूनही जात नाही. साहेबांच्या बारा भरतात, गावाला अकराच दिसतात. ही युक्ती सकाळी सुचली आणि मग तिने निवांत बसून चहा घेतला होता. तिने आणखी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं चालवून पाहिलं. सहा गेली, आठ आली. मधे काही नव्हतं, जसं काही कधी घडलंच नव्हतं. तिने स्कूटीला किक मारली.

भैरवनाथाच्या सभामंडपात पोलीस पाटील सावळेरामभाऊंनी तयारी चोख ठेवली होती. भिंतीवर पांढरी चादर, स्टुलावर प्रोजेक्टर, पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. तिने प्रोजेक्टरची वायर मोबाइलला जोडली, मान वर केली, आणि खांबाशी अक्षदा दिसली, त्या मुलाची आई. म्हणजे ती येणार नाही असं तेजस्विनीने मनाशी धरूनच ठेवलं होतं… पण सव्वा महिना होऊन गेला होता, बाई घराबाहेर पडली होती, शेजारी तिची सासू चिमाबाई होती आणि अक्षदाच्या मांडीवर तिचा मोबाइल पालथा पडला होता. ती तेजस्विनीकडे बघत होती. रागाने नाही. शाळेत पहिल्या बाकावरची मुलगी फळ्याकडे बघते, तशी.

बरं झालं लपवली, असं तेजस्विनीला वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

पहिली झाली, दुसरी झाली. तिसऱ्या स्लाइडवर बिबट्याची मादी आणि दोन पिल्लं होती, उसात जन्मलेली, उसालाच जंगल समजणारी. ती तेवढं बोलते तोच चादर पांढरी झाली. लाईट गेली होती. पाच मिनिटं सगळे पंख्याकडे बघत बसले.

"म्याडम, आता काय ती तीनशिवाय येत न्हाई," सावळेरामभाऊ म्हणाले. "एक करा, आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. आपापल्या मोबाईलवर बघत्याल समदी. तुमी हितून बोला."

किती सोपं होतं. तिने वायर काढली, ग्रुप उघडला, फाइल जोडली, पाठवली. सभामंडपात मोबाइल वाजू लागले, आधी चार, मग एकदम वीस-पंचवीस, आणि कुणीतरी हसलंसुद्धा. "चौथी उघडा," ती म्हणाली. "घराभोवती उजेड." ती बोलू लागली — अंगणात बल्ब हवा, गोठ्याला बंद दार हवं, रात्री पाणी द्यायला जाताना दोघांनी जायचं, हातात काठी, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायची — आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की तिच्यासाठी कुणी थांबलेलं नाही. प्रत्येकाचा अंगठा आपापल्या वेगाने वर सरकत होता. भिंतीवर होतं तोवर सगळे तिच्याबरोबर होते. आता जो तो पुढे गेला होता, आणि पुढे काय आहे ते तिला…

मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. मग तिच्या पुढची. एका म्हाताऱ्याने मोबाइलवरून नजर उचलून खांबाकडे पाहिलं आणि चटकन खाली घातली. तेजस्विनीने ग्रुपवरची आपलीच फाइल उघडली, इतरांनी उघडली तशी. पाच. सहा. सात. सातवी ठसठशीत होती. तिरपी रेघ नाही, फिकटपणा नाही, लाल अक्षरांत 'मुलाला एकटे सोडले'. लपवणं फक्त भिंतीपुरतं असतं, हातातल्या मोबाइलवर सगळंच दिसतं — हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं हे आता कुणाला सांगून काय उपयोग होता.

तिने फाइल दाबून धरली, सगळ्यांसाठी पुसली. ग्रुपवर आता 'संदेश काढून टाकला' एवढंच राहिलं. पण ज्यांनी उघडली होती त्यांच्या मोबाइलमध्ये ती उतरली होती, दीडशे माणसांचा ग्रुप, निम्मे चाकणला कंपनीत, तिथेही कुणीतरी आत्ता जेवणाच्या सुट्टीत… पाचव्या स्लाइडचं वाक्य तिच्या तोंडून अजून चालूच होतं. ते तिने मधेच सोडलं.

अक्षदाने मोबाइल सरळ केला होता. ती वाचत होती. मग तिने दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवली, आणखी फाकवली, एकच शब्द पडद्यावर मावेपर्यंत, आणि तो शब्द कोणता हे तेजस्विनीला एवढ्या लांबून, न दिसताही, कळलं.

ती उठली. सासूने पदर ओढला. "जाऊ दे गं. लिवणारे लिवत्यात."

"न्हाई आत्या." ती पुरुषांच्या पुढून चालत स्टुलापाशी आली. आवाज चढलेला नव्हता. "ताई, हे तुमी लिवलं?"

"हो."

"एकटा नव्हता तो. मी दारात व्हते. भाकरीचं पीठ काढत व्हते, तोंड त्याच्याकडंच व्हतं. तुमी टेप लावली व्हती ना दुसऱ्या दिवशी? उंबऱ्यापासून? बारा फूट म्हणाल्या."

म्हणाले होते मी. टेपचं दुसरं टोक सावळेरामभाऊंनी धरलं होतं. पंचनाम्याच्या कागदावर छापलेलं होतं — मूल: एकटे / मोठ्यांसोबत, लागू असेल त्यास गोल करा. बारा फुटांना गोल करायला जागा नव्हती. तिने तेव्हा पेन उचललं, थांबली, आणि 'एकटे'ला गोल केला. हात धरलेला नव्हता म्हणजे एकटेच, असं स्वतःला सांगितलं. पण ते कारण नव्हतं. ते कारण नव्हतंच, आणि हे या क्षणी, या बाईच्या कपाळावरचा घाम बघताना कळावं, याला काय म्हणायचं. आपली श्रेया सहा वर्षांची. आपल्या घरामागेही ऊस. ते मूल एकटं असेल तर कुणाची तरी चूक झाली, आणि चूक झाली असेल तर ती आपण करणार नाही, आपली पोर सुरक्षित — एवढ्यासाठी, एवढ्या एका रात्रीच्या झोपेसाठी तिने दुसऱ्या बाईच्या नावावर तो गोल काढला होता.

"बदला ना," अक्षदा म्हणाली. "बदलता येतं ना मोबाईलवर?"

"येतं."

तेजस्विनीने स्लाइड उघडली. अक्षदा तिच्या खांद्याशी वाकली. तिच्या पदराला चुलीचा वास होता. 'एकटे होते' यावर बोट ठेवलं, एकेक अक्षर मागे गेलं. तिथे तिने लिहिलं, 'आईसोबत'. अक्षदाने ओठ हलवून ते वाचलं, मान डोलावली. मग चौथी ओळ. 'मुलाला एकटे सोडले' — वरचा शब्द बदलल्यावर ही ओळ राहूच शकत नव्हती, तीही पुसली. 'काय चुकले' यापुढे कोरी जागा राहिली आणि तिच्यात एक बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली.

"मग काय चुकलं, ताई?" अक्षदाने विचारलं. "लिवा. मला बी कळू द्या."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर झेलता आला असता. शिव्या, घेराव, गाडीच्या काचा, सगळं झेललं होतं तेजस्विनीने. या बाईला खरोखर उत्तर हवं होतं, आणि ज्या खात्याकडे बारा स्लाइड आहेत त्याच्याकडे ते असणार अशी तिची खात्री होती, म्हणून तर ती पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी बसली होती. तेजस्विनी मनातल्या मनात एकेक स्लाइड उलटत गेली. उजेड? बल्ब होता, चालू होता, तिनेच नोंदवला होता. कुत्रं? बांधलेलं. अंधार? पुरता पडलाही नव्हता. मोठं माणूस? दारात. तोंड? त्याच्याकडेच.

"माझ्या ध्यानात येतंय ते बघा," अक्षदा पुढे म्हणाली, आणि आता पहिल्यांदा तिचा आवाज फाटला, "मी पिठात हात घातला, तेवढं बघितलं खाली. तेवढंच. ते लिवायचं का?"

"नाही," तेजस्विनी म्हणाली. "ते नाही लिहायचं."

"मग?"

"मला माहीत नाही."

गणवेश अंगावर असताना ती हे आजवर कधीच म्हणाली नव्हती. अक्षदाने त्या कोऱ्या ओळीकडे आणखी एकदा पाहिलं आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. चिमाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला. अक्षदाला हलकं वाटलं की आणखी जड झालं, हे तेजस्विनीला कळेना. पुढच्या पाच स्लाइड राहिल्या होत्या. सावळेरामभाऊ म्हणाले, "बास झालं आता म्याडम, समद्यांनी वाचलंय," आणि माणसं गुडघ्यावर हात टेकत उठू लागली.

बाहेर देवळाच्या पायरीवर साहेबांचा फोन आला. झालं का, माणसं किती होती, फोटो टाका, फाइल पाठवा. ती हो म्हणाली. फोटो एकही काढलेला नव्हता. फाइल तिने बदललेलीच पाठवली, चौथी ओळ कोरी ठेवून. साहेब ओरडतील, जुनी परत मागतील, आणि जुनी तर आता गावभर होती, ती कुणाच्या मोबाइलमधून कधी, कुठे निघेल ते देवालाही सांगता आलं नसतं. त्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला, पाठीमागे भांड्याचा आवाज.

"आई, श्रेया कुठंय?"

"आली शाळेतून. हाय ना हितंच, अंगणात खेळतीय."

"तुम्ही?"

"मी दारातच बसलीय, शेंगा फोडीत. माझ्या डोळ्यासमोरच हाय, तू नको काळजी करू."

रोज ती हेच विचारायची, रोज हेच उत्तर यायचं, आणि रोज ती "बरं" म्हणून फोन ठेवायची. आज ते "बरं" तिला म्हणता येईना. पोरीला आत घ्या म्हणावं, तर किती आत; दार लावा म्हणावं, तर कधीपर्यंत. सासूबाई दोनदा "ऐकू येतंय का?" म्हणाल्या. येत होतं. शेंग फुटल्याचा आवाजसुद्धा येत होता, त्याच्या पलीकडे कुठेतरी श्रेया स्वतःशीच काहीतरी बडबडत होती, आणि तेजस्विनी फोन कानाला घट्ट लावून ती बडबड ऐकत राहिली, ती थांबू नये एवढंच मनाशी म्हणत.