फ्रिजच्या कमरेची गाठ

लाइन गेली की सुमित्राबाई मेणबत्ती शोधत नसत, आधी फ्रिजला गाठ मारत. जुन्या लुगड्याच्या काठाची लांब पट्टी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला कायम लटकलेली असे. लेकराच्या कमरेला करगोटा बांधावा तशी ती फ्रिजभोवती गुंडाळायची, दारापाशी गाठ द्यायची, की झालं. लाइन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दार बंद असलं तर आतला गारवा दिवस काढतो.

त्यांचा लॉज सावंगीला, मोठ्या दवाखान्यासमोर. बारा खोल्या आणि मागे मेस. तिथे पेशंटसोबत आलेली माणसं उतरत, आणि महिना महिना राहत. फ्रिजच्या वरच्या फळीवर दूध-दही, खाली कोथिंबीर, मधली फळी मात्र आजाऱ्यांची. त्या फळीवर इन्सुलिनच्या बाटल्या, थंडच ठेवायची इंजेक्शनं, आणि प्रत्येक डबीवर पेनानं लिहिलेलं नाव.

त्यातल्या एका डबीवर 'बापूजी' होतं. बापूजी गिरडकडचे. दोन्ही किडन्या थकलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, अंगात रक्त कमी म्हणून आता वॉर्डातच ठेवलेले. त्यांची बायको यशोदाबाई सात नंबरच्या खोलीत. रक्त वाढवायचं ते इंजेक्शन एका संस्थेकडून मिळालेलं, त्या महिन्यातलं शेवटचं. सोमवारी द्यायचं होतं.

आणि शनिवारी लाइन गेली.

तशी दरवर्षीच मे महिन्यात जाते, पण त्या शनिवारी मैदानावर लोककला महोत्सव होता. सुमित्राबाईंचे यजमान मधुकरराव स्वागत समितीत होते. छातीवर बिल्ला, त्याला केशरी रिबीन. लॉजचा जनरेटर त्यांनी आदल्या दिवशीच ट्रॅक्टरवर चढवून मांडवात पाठवला होता. अर्ध्या खोल्या परीक्षकांना दिल्या होत्या.

"आपल्या घरी अंधार करून मांडवात उजेड पाडता काय?" सुमित्राबाईंनी विचारलं होतं.

"लाइन नाई जात अवो. वरून शब्द आला हाय."

"शब्दावर फ्रिज चालते का?"

"तुले प्रत्येक गोष्टीत फ्रिजच दिसते," म्हणून ते हसले होते.

अकरा वाजता मांडवातले कूलर एकदम सुरू झाले आणि कोपऱ्यावरची विजेची डीपी उडाली. मैदानात जनरेटर धडधडू लागला. इकडे पंखे थांबले. ऊन भिंतीतून आत येऊ लागलं.

यशोदाबाई धावत स्वयंपाकघरात आली. "बाई, माह्यं इंजेक्शन!"

"काई होत नाई त्याले."

"वॉर्डात नेऊन देऊ का? तिथं लाइन असते."

"एवढ्या उन्हात हातात धरून नेशील? वाटेतच गरम होईल. इथंच राहू दे. मी हाय ना." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी पट्टी तिच्याच हातात दिली. "घे, तूच बांध आज. तुह्या हातची गाठ, तुले भरोसा."

यशोदाबाईनं पट्टी गुंडाळली आणि कापसाचं बोचकं बांधतात तशी गाठ मारली. दोन वेढे, शेवट आत खोचलेला. मैदानातून भोंग्यावर ओव्या ऐकू येत होत्या. त्यांची चाल धरून, गाठीवर हात ठेवून, तीही हळूच म्हणाली,

"दार लावलं गारव्याले, गाठ मारली काठाची,
माह्या धन्याची राखण, बाई, तुह्या गं हाताची."

"अवो, तुले तर मांडवात बसवाले पायजे होतं," सुमित्राबाई म्हणाल्या. "बक्षीस भेटलं असतं."

"माह्यं बक्षीस तुमच्या फ्रिजात हाय बाई," ती हसली, आणि एक वाजता वॉर्डात गेली.

दीड वाजता मधुकरराव आले. मागे आठ माणसं. परीक्षक, प्रमुख पाहुणे, गळ्यात शाली, मानेवरून घामाच्या धारा.

"ताटं लाव. श्रीखंड काढ. आन पहिले पाणी दे, थंड."

"माठातलं देते."

"माठातलं?" त्यांनी आवाज खाली आणला. "मोठे लोकं हायेत ते. बाटल्या ठेवल्या ना मी काल?"

"गाठ मारली हाय. लोकांची औषधं हायेत आत."

"एकदाच उघड. पाच मिनिटं."

"तुमी बर्फ आणा ना कुठून."

"वर्ध्यातला सारा बर्फ मांडवात गेला." मग ते जवळ सरकून म्हणाले, "सुमित्रा, चार लोकांत माह्यं नाक कापू नोको."

बाहेर पाहुणे खुर्च्या ओढत होते. कोणीतरी वहीनं वारा घेत म्हणत होतं, "काय आवाज होता त्या म्हातारीचा! हे सगळं जपायला हवं हो."

सुमित्राबाईंनी गाठ सोडली. खोचलेला शेवट ओढला आणि सगळी गाठ एकदम मोकळी झाली. इतकी सोपी होती ती.

पण दार एकदा उघडलं की एकदाच उघडत नाही. पाण्यानंतर श्रीखंड. श्रीखंडानंतर पुन्हा पाणी. मग कोणाचे पुष्पगुच्छ सुकत होते, ते मधल्या फळीवर कोंबले. डब्या मागे सरकल्या. मग एक परीक्षक स्वतःच आत आले, दार उघडं टाकून त्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वा, काय बरं वाटतं." सुमित्राबाई पोळ्या लाटत होत्या. दार लावा, म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द आला होता. नवऱ्याकडे पाहिलं आणि तो पिठात दाबला.

पाच वाजता सगळे गेले. सुमित्राबाईंनी फ्रिजमध्ये हात घालून पाहिला. फळी कोमट होती. 'बापूजी'ची डबी ओली, घाम आलेली. त्यांनी ती पदरानं पुसली, होती तिथे ठेवली, दार लावलं आणि घाईघाईनं पट्टी गुंडाळून गाठ मारली.

यशोदाबाई आली. तिची नजर फ्रिजवरच्या गाठीवर गेली.

"बाई, उघडला नाई ना कोणी?"

"नाई," सुमित्राबाई म्हणाल्या. "कोण उघडते?"

यशोदाबाईनं मान हलवली. रोजच्यासारखा चहा मागितला नाही. रात्री आठला लाइन आली, फ्रिज गुरगुरायला लागला, आणि सुमित्राबाईंनी स्वतःला सांगितलं की आता सगळं ठीक आहे.

सोमवारी इंजेक्शन दिलं. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तर वाढायच्या ऐवजी आणखी उतरलेलं. बापूजींना रक्ताची पिशवी लावावी लागली, मग दुसरी. सुमित्राबाईंनी रात्री नवऱ्याला सांगितलं.

"त्यानंच झालं कशावरून?" मधुकरराव म्हणाले. "आजारच तसा हाय." आणि कुशीवर वळले. भिंतीवर महोत्सवातला फोटो लागला होता. पाहुण्यांसोबत ते, हातात सन्मानचिन्ह.

पुढच्या महिन्याचं इंजेक्शन आलं त्या दिवशी यशोदाबाई एक छोटा माठ घेऊन आली. आत धाम नदीच्या पात्रातली ओली रेती, वरून गोणपाट. खोलीच्या कोपऱ्यात, मोरीजवळ ठेवला. डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रेतीत खोवली आणि गोणपाटावर पाणी शिंपडलं.

सुमित्राबाई दारात उभ्या होत्या. "हे काय करून राह्यली? फ्रिज हाय ना आपला. रेतीत एवढं थंड नाई राहत."

"असू द्या. तुमचे पाहुणे येतीन."

"यशोदाबाई..."

"गाठ माह्या हातची होती बाई." तिनं मान वर केली नाही. "मी बोचक्याची मारली होती. मी परत आली तवा साडीच्या निरीची होती. मी तवाच ओळखलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलून काय करू? दुसरं इंजेक्शन नोतं. आन दवाखान्यासमोर राहाले दुसरी खोली नोती." तिनं पुन्हा ओंजळभर पाणी शिंपडलं. "नर्सनं विचारलं मले, थंड होतं ना? मी म्हटलं, हो. सुमित्राबाईच्या फ्रिजात होतं. मीबी खोटंच बोलली, तुमच्यावानी."

सुमित्राबाईंना पुढे व्हावंसं वाटलं, तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पाय उंबऱ्यातच राहिले.

तीन नंबरच्या माणसानंही आपली इन्सुलिनची डबी मागून घेतली. मग नऊ नंबरच्या बाईनं. कोणी भांडलं नाही. कोणी कारण सांगितलं नाही. जेवायला मात्र सगळे येत आणि "भाजी चांगली झाली बाई," म्हणत.

एका दुपारी लाइन गेली. सुमित्राबाई सवयीनं उठल्या, खिळ्यावरची पट्टी काढली आणि फ्रिजसमोर आल्या. दार उघडून पाहिलं. वर दूध, खाली कोथिंबीर. मधल्या फळीवर मधुकररावांनी ओळीनं पाण्याच्या बाटल्या लावल्या होत्या.

पट्टी हातात तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. दार उघडंच होतं. गारवा त्यांच्या पायांवरून बाहेर जात राहिला.