मास्तरांचे गेलेले शब्द

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा आवाज एके काळी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. घशाच्या ऑपरेशनात तो गेला आणि त्यांच्या वतीनं कॉम्प्युटर बोलू लागला. दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य ऐकू येई. अशा शेकडो खुणा मास्तरांनी खपून बसवल्या होत्या. बायकोला चिडवायच्या वेगळ्या, चिकट पाहुण्यांना वाटेला लावायच्या वेगळ्या.

मेहुणा आला आणि म्हणाला, "भाऊजी, हा फार रखडतोय. साफ करून देतो." त्यानं कुठलासा सफाईचा प्रोग्राम चालवला. नंतर मास्तरांनी दोन अक्षरं दाबली, तर यंत्र तेवढीच दोन अक्षरं बोललं. सगळ्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. मास्तर उठले आणि खिडकीपाशी जाऊन बसले ते बसलेच.

"अरे, माणूस पुन्हा मुका केलास!" मास्तरांची बायको भावावर कडाडली. मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. तसाच जाऊन तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना घेऊन आला.

"बॅकअप आहे ना?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच जोडून दिलेली डबी आहे. अधूनमधून दिवा लुकलुकतो, एवढंच मला ठाऊक," मास्तरांची बायको म्हणाली.

"मग जीव भांड्यात पडू द्या! विंडोजमध्ये रजिस्ट्री नावाचं कोठार असतं, तिथं प्रत्येक प्रोग्रामच्या सवयी राहतात. सफाईत मास्तरांचा कप्पा गेला."

"सगळंच मागच्या तारखेला नेऊ या?" मेहुणा म्हणाला.

"नको, अलीकडचं सगळं जाईल. ढेकणापायी घर कशाला जाळायचं?"

बाईंनी आधी आहे त्याची प्रत काढली. मग बॅकअपमधली जुनी रजिस्ट्री शेजारी उघडून नेमका तेवढाच कप्पा उचलून आणला. तरी यंत्र ढिम्म! मास्तरांनी मान फिरवली.

"थांबा, चूक माझीच. जुनी रजिस्ट्री शेजारी उघडताना तिला तात्पुरता पत्ता दिला होता, तोच कप्प्यावर राहिला." तो बदलून बाईंनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

मास्तरांनी भीत भीत दोन अक्षरं दाबली.

"अगं, साखर घालायला विसरलीस, की माझ्यावर रागावलीस?"

"रागावलेय!" बायको हसता हसता रडायला लागली.

बाईंसाठी मात्र मास्तरांकडे तयार खूण नव्हती. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" बाई उगाच वायर गुंडाळत राहिल्या.

मेहुणा दाराआड घुटमळत होता. मास्तरांनी त्याला हाताला धरून जवळ बसवलं आणि पुन्हा लिहायला घेतलं, "पळत जाऊन यांना आणलंस, तेही तूच. आता जेवल्याशिवाय हलायचं नाही."