रोबोटला ब्रेक नसतो

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी कॉलेजच्या दिवसांतला महाकाय रोबोटांच्या लढाईचा गेम कॉम्प्युटरवर पुन्हा लावला आणि बायकोला मुद्दाम शेजारी बसवलं. "बघच! यात मला हरवणारा अजून जन्माला यायचाय."

लगेच त्यांचा चार मजली रोबोट शत्रूला सोडून भिंतीवर धावून गेला. जन्मभर शिकाऊंच्या शेजारी बसून मास्तरांना आता दोनच गोष्टी येत होत्या: ओरडणं आणि ब्रेक मारणं. दोन्ही त्यांनी जीव खाऊन केल्या. टेबलाखाली ब्रेक कुठला असायला? पाय पडला एक्स्टेन्शन बोर्डच्या बटणावर. कॉम्प्युटर बंद!

"हरलात?"

"छे! अपघात टाळला."

बायकोने बोर्ड उचलून टेबलावर ठेवला. "सरका, मी चालवते. तुम्ही शेजारी बसलेलेच बरे."