आभाराचं वाक्य

परीक्षानळीतलं पाणी निळं होतं. असा रंग तिच्या प्रयोगात कधीच आला नव्हता – तिचं द्रावण रंगहीन, आणि ते तसंच राहतं हाच तर तिचा निष्कर्ष... पण माजी विद्यार्थी संघाच्या मॅडमनी स्वतःच त्यात शाई टाकली होती. "फोटोत नुसतं पाणी दिसतं गं. देणगीदारांना काहीतरी दिसायला नको?"

तेही तिने चालवून घेतलं. मग मॅडम म्हणाल्या, "आणि आजच्या आभाराच्या भाषणात एवढं वाक्य घे – सरांची मदत मिळाली नसती तर वडील माझं शिक्षण बंद करणार होते."

"पण असं काही नव्हतं."

"असतं गं, सगळ्यांचंच थोडंफार. पुढच्या मुलांना मदत मिळायला हवी ना?"

सगळ्यांचंच. कुणी मोजलं? सरांचे आभार तिला मानायचेच होते – त्यांनी संघातर्फे तिची फी भरली, वर एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस फोनवर तासन्‌तास तिच्या आलेखांशी झटापट करत बसला, एकदा तर तिची चूक सापडेना म्हणून विद्यार्थ्यासारखा चिडला... ते सांगू द्या ना. त्यासाठी बाबांना का खाली पाडायचं? आयुष्यभर लोकांचे कपडे बेतणारे बाबा, आज इस्त्रीचा शर्ट घालून सभागृहाच्या दाराशी ताटकळत उभे असलेले बाबा –

ती तरातरा त्यांच्याकडे गेली, सगळं सांगितलं. "मी नाही म्हणणार. खोटं आहे म्हणून तोंडावर सांगते त्यांना."

ते दाराच्या पडद्याची उसवलेली शिवण चिमटीत धरून बघत होते. "म्हण की."

"बाबा?"

"कापडाच्या दुकानात शब्द टाकला होता मी. काउंटरवर कामाला घेतो म्हणाले तुला. मग सरांचा फोन आला." त्यांनी शिवण सोडली. "राहून गेलं सांगायचं."

म्हणजे मॅडमचं उत्तर बरोबर होतं. न विचारता, न तपासता, आमच्यासारख्यांकडे एकदा बघून ठोकलेला अंदाज – आणि बरोबर. अशा उत्तराला मी शून्य गुण दिले असते... राग कणभरही उतरला नव्हता; फक्त सकाळपासून तो जिकडे तोंड करून उभा होता, तिकडे आता नुसत्या मॅडम नव्हत्या.

आत टाळ्या पडल्या. मॅडमनी हात करून तिला बोलावलं. बाबा पुढे झाले, नेहमीच्या सवयीने तिची कॉलर सरळ करू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची ती बोटं तिला मानेजवळ नकोशी झाली – तरी ती हलली नाही...