वामनरावांचं यवतमाळ

आपल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात जा, कॉम्प्युटर अडला की एकाच माणसाच्या नावानं हाका सुरू होतात. नेरच्या त्या कार्यालयात ते नाव होतं वामनराव. प्रिंटरमध्ये कागद अडकला, "वामनराव!" साहेबांचा पासवर्ड खुद्द साहेबच विसरले, "वामनराव!" सत्तेचाळीस वर्षांचा हा कनिष्ठ लिपिक हातातला चहा तसाच ठेवून उठायचा, दोन-चार कळा दाबायचा, आणि ते हट्टी यंत्र मुकाट्यानं कामाला लागायचं.

एवढं सगळं येत असूनही कुठल्याही फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात वामनरावांना 'बारावी' असंच लिहावं लागे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचे वडील नोकरीतच वारले. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर हा मुलगा लागला आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. सत्तावीस वर्षं झाली, पण तो रकाना भरताना त्यांचा हात अजून थांबतो, हे फक्त त्यांच्या बायकोला, शोभाताईंना माहीत होतं.

मुलगा श्रेयस इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा शोभाताईच म्हणाल्या, "पोराचं झालं. आता तुमचं राह्यलेलं करा."

"या वयात कॉलेज? रोज यवतमाळला जाऊन पोरांमधी बसू का? अन् नोकरी कोण करन?"

"रोज कायले? रविवारचं असते ना ते. दूरस्थ."

दूरस्थ शिक्षण म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळांचं नाक आपोआप मुरडतं. घरबसल्या मिळणारा कागद, असा आपला पक्का समज. वामनरावांचाही तोच होता. पण ते यवतमाळच्या अभ्यासकेंद्रावर स्वतः जाऊन आले. पदवीला मान्यता आहे की नाही, ते त्यांनी नीट तपासलं. तिथं रविवारचे तास होते, प्रात्यक्षिकं होती, लिहून द्यायचे स्वाध्याय होते आणि केंद्रावर बसून द्यायची परीक्षा होती. कागद फुकट मिळणार नव्हता, आणि हे पाहूनच त्यांचा जीव त्यात अडकला.

"बी.ए. घेतो. सोपं जाईल," ते घरी येऊन म्हणाले.

"सोपं तुमाले कधीपासून आवडाले लागलं?" शोभाताई हसल्या. "भाजी आणाले धाडलं, त किराणावाल्याचं बिलाचं मशीन दुरुस्त करून येता, अन् भाजी विसरता. कॉम्प्युटरचंच घ्या."

वामनरावांनी बी.सी.ए.ला नाव घातलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते पहिल्या रविवारी, नेरच्या बसस्थानकावर.

प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन ते यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होते. तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा संजय समोर आला. "काय वामनराव, सुट्टीच्या दिवशी कुठं?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण वामनरावांना एकदम गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. कार्यालयातल्या शिपायानं चाळिशीत दहावीची परीक्षा दिली होती. तेव्हा याच संजयनं त्याला लहान मुलाचं दप्तर आणि पाण्याची बाटली भेट देऊन सगळ्यांसमोर त्याचा सत्कार केला होता. सगळे पोट धरधरून हसले होते. वामनरावही हसले होते.

"दवाखान्यात," ते म्हणून गेले. "जरा तपासून घेतो."

संजयनं पिशवीतल्या फाईलकडे पाहिलं. रविवारी नागपूरचे मोठे डॉक्टर यवतमाळला येतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्याचा चेहरा उतरला. त्यानं वामनरावांना धरून गाडीत बसवलं आणि खिडकीजवळची जागाही मिळवून दिली.

दर रविवारी तीच पिशवी, तीच गाडी. महिनाभरात वामनराव आजारी असल्याचं सगळ्या नेरला कळलं. नेमका काय आजार, हे कोणी विचारेना. म्हणजे मोठाच असणार! शोभाताई चिडल्या. "चांगला धडधाकट माणूस, खोटं काहून बोलले?" वामनराव म्हणाले, "एक वर्ष निघू दे, मग सांगू."

पण खोटं बोलणाऱ्याला लोकांच्या माणुसकीचा त्रास फार होतो. संजय मनानं वाईट नव्हता, फक्त त्याची जीभ सैल होती. त्यानं साहेबांना सांगून वामनरावांना कॉम्प्युटरवरून उठवलं. "डोळ्याले ताण नको," म्हणून त्यांच्यासमोर आवक-जावकचं रजिस्टर ठेवलं. जे यंत्र शिकायला हा माणूस रविवारी साठ किलोमीटरची ये-जा करत होता, त्याला हात लावायची आता बंदी! पलीकडच्या टेबलावर रजत नावाचा तरुण इंजिनिअर होता. वामनरावांचा एक प्रोग्राम तीन आठवडे अडला होता. रजतनं तो पाच मिनिटांत सोडवला असता, पण त्याला विचारणार कसं? पेशंटनं प्रोग्राम लिहायचा नसतो.

आणि मग मोतीमावशी होती.

वामनरावांच्या घराला लागून मोतीबाईंचं घर. पासष्टी उलटलेली, एकटी राहणारी बाई. वामनरावांच्या आईची मैत्रीण, म्हणून ते तिला मावशी म्हणत आणि मावशी त्यांना सरळ 'वामन' म्हणून हाक मारी. आजाराचं कानावर आल्यापासून मावशी रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेऊन कुंपणाशी उभी राही आणि पेला रिकामा झाल्याशिवाय हलत नसे. कडू जहर काढा! वामनराव डोळे मिटून प्यायचे, आणि ते तोंड वाकडं करत ते आजारापायीच, असं मावशीला वाटायचं.

असे चार महिने गेले. जानेवारीत परीक्षेचं वेळापत्रक लागलं. पहिलाच पेपर सोमवारी. रजा लागणार होती. साहेब म्हणाले, "रजेचं काय, घ्या की. फक्त डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा."

तोंडी खोटं एक वेळ चालून गेलं होतं. पण खोटा कागद? वामनरावांनी आयुष्यात सरकारी कागदावर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. ते घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शोभा, मी परीक्षा देत नाही. सोडून देतो."

शोभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मांगच्या वेळी तुमचा इलाज नव्हता," त्या म्हणाल्या. "या वेळी त कोणी अडवलं नाही तुमाले. कोणाच्या भेवानं सोडून राह्यले?"

त्याच वेळी दारातून हाक आली, "वामन हाय का घरी?"

मोतीमावशी आत आली. चेहऱ्यावर नुसता आनंद. "सोया सोमवार पुरे झाले माहे," ती म्हणाली. "येत्या सोमवारी उद्यापन हाय. तुमी दोघं जोडीनं जेवाले येजा. तुह्यासाठीच त धरलते मी!"

"माझ्यासाठी?"

"मंग कोणासाठी? मले कोण हाय दुसरं?"

सोळा सोमवार! या वयात, एकट्या बाईनं, उपाशी राहून! आणि कोणासाठी, तर चांगल्या धडधाकट माणसासाठी! वामनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठून मावशीच्या पायाशी बसले.

"मावशी, मी बिमार नाही. मले काहीच झालं नाही."

"म्हणजे बरा झाला?"

"बिमार नव्हतोच. मी यवतमाळला शिकाले जातो. कॉलेज सुटलं होतं ना, ते कॉम्प्युटरचं शिकून पुरं करून राह्यलो. सोमवारी पेपर आहे." आणि पुरावा म्हणून त्यांनी फाईलमधलं हॉलतिकीट काढून तिच्या हातात दिलं.

मावशीनं तो कागद उजेडाकडे धरला आणि वामनरावांच्या नावावर बोट ठेवलं. "हे मधलं अक्षर 'म' हाय ना? माह्या नावातलं?"

"तुमाले वाचता येते, मावशी?" शोभाताई चकित झाल्या.

"अर्धंच येते." मावशी खाली बसली. "पंधराक वर्षं झाले. बायकांसाठी संध्याकायचा साक्षरतेचा वर्ग निघालता. लोक म्हणतीन, म्हातारपणी हिले काय चाये सुचले, म्हणून मी सांगत जाय की भजनाले चालली. सही आली मले. पण घरी आल्यावर एखादं अक्षर अडलं त इचारू कोणाले? मी त भजनाले गेलती ना! पाटी कणगीमांगं लपवून ठेवत जाय. मंग वर्ग बंद झाला, अन् तेही बंद झालं. लपून शिकलं ना बापू, म्हणून अर्धं राह्यलं."

वामनरावांना तीन आठवडे अडलेला आपला प्रोग्राम आठवला, आणि पाच मिनिटांत तो सोडवू शकणारा रजतही. ते मान खाली घालून बसले.

आता मात्र मावशीचा आवाज चढला. "गल्लीतून दारू पिऊन जाणारा माणूस छाती काढून जाते! जुगारात हारलेला चौकात बसून सांगते! अन् तू पुस्तक घेऊन चोरावानी जातं? शिकणं काय बिमारी हाय का रे, का दवाखान्याच्या नावावर लपवा लागते? हासतीन लोक, दोन दिवस हासतीन. त्यायच्या दोन दिवसापायी तू आपले सत्तावीस वर्षं फेकून देतं का?"

"चुकलं, मावशी. तुम्हाला उपाशी ठेवलं मी."

"उपासाचं सोड!" मावशीनं कपाळावर हात मारला. "मी महादेवाले काय मांगत होती, ठाव हाय का तुले? दर सोमवारी एकच. देवा, माह्या वामनचं यवतमाळ सुटू दे! माय वं, म्हणजे तुही शाळा सोडवाले मीच बसलती तिथं!"

शोभाताईंना आधी हसू फुटलं, मग वामनरावांना, आणि मग तिघंही हसता हसता डोळे पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी रजेचा अर्ज लिहिला. कारण : बी.सी.ए. प्रथम सत्राची परीक्षा. अर्ज साहेबांकडे जाण्याआधी संजयच्या हातात पडला आणि त्यानं तो मोठ्यानं वाचला. मग हसायचे ते हसले. संजय तर जास्तच. "आमी तुमच्यासाठी रडून राह्यलो अन् तुमी बाराखडी गिरवून राह्यले! दप्तर आणू का?"

वामनराव उठून उभे राहिले. "आण. नक्की आण. पण आधी त्या शिपायाची माफी मागू. तेव्हा मीही हसलो होतो. तो माझ्यापेक्षा हिमतीचा. त्यानं लपवलं नव्हतं."

शिपाई दारातच चहाचा ट्रे घेऊन उभा होता. वामनरावांनी सगळ्यांसमोर त्याला हात जोडले. मग मात्र कोणी हसलं नाही. साहेबांनी अर्ज पाहिला, शिक्षणाची परवानगी आधी घेतली नाही म्हणून चार शब्द सुनावले, त्या परवानगीचा अर्जही लगेच लिहून घेतला आणि म्हणाले, "पेपर झाले की आधी यांचा कॉम्प्युटर यांना परत द्या." दुपारी रजत खुर्ची ओढून वामनरावांजवळ बसला. त्या अडलेल्या प्रोग्रामला खरोखरच पाच मिनिटं लागली. संध्याकाळी निघताना संजय घुटमळला. "वामनराव, ते केंद्र यवतमाळात कुठंसं हाय? बायकोचं बी.ए. अर्धं राह्यलं आमच्या. मीच थांबवलतं."

सोमवार उजाडला. वामनराव फाईल उघडपणे हातात धरून निघाले, पिशवी घरीच ठेवली. कुंपणाशी मोतीमावशी उभी होती. या वेळी हातात काढा नव्हता, दह्याची वाटी होती.

"जाऊन आली महादेवाकडं. जेवाले संध्याकायी येजा दोघं," ती म्हणाली. "म्हटलं, देवा, सोया सोमवार जे मांगतलं, तेवढं काही ऐकू नको. उपास तुह्यापाशी जमा राहू दे, पण याचं यवतमाळ चालू ठेव." आणि मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आमचा वामन परीक्षेले चालला वं माय! कॉलेजच्या परीक्षेले!"

दारं उघडली, माणसं बाहेर आली. लाजेनं लाल झालेले वामनराव त्या सगळ्यांमधून ताठ मानेनं बसस्थानकाकडे गेले.

मित्रहो, शिक्षणाचं वय निघून जात नाही, निघून जाते ती आपली हिंमत. ती हिंमत मोडायला कोणी शत्रू लागत नाही, आपलं एक हसणं पुरतं. आपल्या घरात, कार्यालयात, गल्लीत असं कोणीतरी अर्धं राहिलेलं असेल. त्याला हसू नका, त्याला खुर्ची ओढून द्या. आणि ते अर्धं राहिलेलं माणूस तुम्हीच असाल, तर लपू नका. विचारल्याशिवाय अडलेलं सुटत नाही, आणि लपलेल्याला विचारता येत नाही.

संध्याकाळी वामनराव परतले तेव्हा मावशी आपल्या घरात नव्हती. ती बाहेर ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी, मांडीवर पाटी घेऊन बसली होती.

"पेपर कसा गेला?"

"चांगला गेला, मावशी."

"मंग बस इथं," तिनं पदरानं ओटा झाडला. "तुह्या नावातला 'म' मले येते. बाकीचे दोन शिकव."