रोज टोचणारी कवळी

आई गेली आणि तिच्या मागोमाग त्या घरातल्या चांगल्या सवयीही निघून गेल्या. एकदम नाही, शेजाऱ्यांना न कळवता थोडं थोडं सामान हलवणाऱ्या भाडेकरूंसारख्या. आधी सकाळी खिडक्या उघडायची सवय गेली. मग वेळेवर जेवायची गेली. मग अंथरूण आवरायची गेली, आणि आवरायचंच नाही तर त्यातून उठायचं तरी कशाला, असा रास्त प्रश्न लेकीला पडू लागला.

लेक कवळ्या बनवायची. घराच्या मागच्या खोलीत हा कारखाना तिने आणि आईने मिळून थाटला होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन ठेवायच्या, ह्या दोघी तो घेऊन यायच्या. लेक त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची, आई त्यावर मेणात एकेक दात बसवायची, आणि मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिकची हिरडी शिजवणं, घासणं, चमकवणं पुन्हा लेकीकडे. दात बसवण्यात आईचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळे दात ती कधीच सरळ लावायची नाही. एखादा हलकेच तिरका ठेवायची. सगळे सरळ लावले की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं, म्हणायची. बाबा शाळेत ड्रिलमास्तर होते, त्यांना रांग मोडलेली सोसायची नाही. स्वतःच्या नव्या कवळीतला पुढचा तिरका दात आरशात बघून त्यांनी फर्मावलं होतं, याला रांगेत घे. आईने सांगितलं, तुम्हाला पसंत केलं तेव्हा तो तसाच होता, आता काही बदलायचं नाही.

आता दोघींचं काम एकीवर आलं होतं, आणि ती एक दुपारपर्यंत अंथरुणात होती.

लेक वाचणारी होती. अडचणीत लोक ज्योतिषाकडे जातात, ती पुस्तकांच्या दुकानात गेली. चांगल्या सवयी कशा लावाव्यात यावर एवढी पुस्तकं असतात हे तिला ठाऊक नव्हतं. एकात लिहिलं होतं, छोट्या गोष्टीने सुरुवात करा. तिने रोज उठून फक्त ॲप्रन घालायचा असं ठरवलं, आणि ॲप्रन घालून पुन्हा झोपली. दुसऱ्यात होतं, गजराचं घड्याळ हाताशी ठेवू नका. तिने ते स्वयंपाकघरात ठेवलं. बाबांनी उठून ते बंद केलं आणि जाऊन आडवे झाले. तिसऱ्यात होतं, स्वतःला अधूनमधून सुट्टी द्या. ही सूचना तिला पहिल्याच प्रयत्नात जमली. होता होता तिला एक सवय मात्र पक्की लागली: सवयींवरची पुस्तकं वाचायची.

बाबांची तऱ्हाही फार वेगळी नव्हती. ज्यांच्या शिट्टीने अख्खी शाळा ताठ व्हायची, ते दाढीचे खुंट वाढवून खिडकीशी बसून राहत. दिवसभरात दोघांत विषय निघालाच तर तो गळक्या नळाचा निघे. आईचा निघत नसे. नळ बिचारा त्या काळात फार बोलला गेला.

अशात क्लॅरिनेटवाल्या आजोबांचा ठसा आला. आजोबा बागेतल्या बँडमध्ये वाजवत, पण दात काढल्यापासून त्यांना बाकावर बसून इतरांचं ऐकावं लागत होतं आणि इतर बेसूर आहेत हे त्यांना प्रथमच कळत होतं. ठसा ओला असतो तोवरच साचा काढायचा असतो, सुकला की तो आकसतो. लेकीला हे झोपेतही ठाऊक होतं, आणि झालंही तसंच. चालढकल कशी थांबवावी हे प्रकरण एकदा संपवू, मग प्लास्टर कालवू, असं म्हणत ती वाचत राहिली आणि वाचता वाचता तिचा डोळा लागला. उठली तेव्हा ठसा टेबलावर आकसून पडला होता. चालून जाईल, असं मनाशी म्हणून तिने त्यावरच कवळी केली. आईने हे दोन शब्द त्या खोलीत कधी उच्चारले नव्हते.

चालून गेलं नाही. कवळी घालून आजोबांनी ‘बस’ म्हटलं तर दवाखान्यात शिट्टी घुमली. वाजवायला घेतलं तर क्लॅरिनेट राहिलं बाजूला, दातच ताल धरायला लागले. डॉक्टरीणबाई हळू बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं. त्यांनी फोनवर सांगितलं की ताई, तुमचं दुःख मला कळतं, पण पेशंटच्या हिरडीला ते कळत नाही. आजोबांचा पुन्हा ठसा घेतलाय. ही कवळी आणि या महिन्याची बाकीची कामं वेळेवर, नीट आली नाहीत, तर पुढच्या महिन्यापासून नदीपलीकडच्या मोठ्या लॅबला देईन. त्यांच्याखेरीज लेकीला काम देणारं कोणी नव्हतं. म्हणजे मागची खोली बंद. आईचं मेण, आईची सुरी, आईची खुर्ची, सगळं गुंडाळायचं. फोन ठेवून ती तिथेच बसली. बाबा खिडकीशी होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. संध्याकाळी तिने नवा ठसा कसाबसा आणला, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला आणि सकाळी उठल्या उठल्या बघू म्हणाली. हे उठल्या उठल्या म्हणजे कधी, याबद्दल तिची स्वतःचीच खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची कवळी टोचायला लागली.

गालाला हात लावून ते तिच्या उशाशी येऊन उभे राहिले. इथे टोचतंय, म्हणाले. लेक म्हणाली, बघते जरा वेळाने. बाबा तो जरा वेळ तिथेच उभे राहिले. उभं राहण्यात ड्रिलमास्तरांना हरवणारा अजून जन्माला यायचा होता. शेवटी ती उठली, ॲप्रन चढवला, मागच्या खोलीतला दिवा लावला, मोटर सुरू केली आणि कवळी आतल्या बाजूने कणभर घासून दिली. बाबांनी जबडा इकडेतिकडे हलवून ‘हं’ म्हटलं आणि निघून गेले. आता खोलीत आलीच होती, ॲप्रन अंगात होता, मोटर गरम होती, आणि डब्यातला ठसा अजून ओला होता. तिने प्लास्टर कालवलं.

पुढच्या दिवशी डावीकडे टोचलं. मग उजवीकडे. मग टाळूशी. रविवारीही टोचलं. लेकीने आत पांढरी पेस्ट लावून पाहिलं. कुठे दाब पडत असेल तर पेस्ट तिथे पुसली जाते. कुठेच पुसली जाईना. पण दुखतंय त्यांना, आपण कोण नाही म्हणणार, म्हणून ती रोज कणभर घासून द्यायची. बाबा खचलेत, म्हणून त्यांची हिरडी बसत चाललीय, असा तिने अर्थ लावला. आपण नाही उठलो तर हे दिवसभर दुधात पाव बुडवून खाणार. सगळ्या पुस्तकांना जे जमलं नव्हतं ते या एका विचाराने केलं. आपण फक्त त्यांच्यासाठी उठतोय हे त्यांना कळू नये म्हणून ती आधीच तोंड धुऊन, केस बांधून तयार राहू लागली. शिवाय खुंट असले की जबडा तपासता येत नाही अशी थाप मारून तिने बाबांना रोज दाढी करायला लावली. पेस्ट लावताना अंधारात दिसत नाही म्हणून खिडक्याही उघडायला लागल्या. एका जाड पुस्तकावर मेणाचं भांडं अगदी बरोबर बसतं, हा शोधही त्याच सुमारास लागला.

दात बसवायची वेळ आली तेव्हा ती प्रथमच आईच्या खुर्चीत बसली. तिने लावलेले दात सरळच यायचे, कितीही केलं तरी. तीन वेळा मेण खरवडून काढलं. आजोबांचं तोंड काही केल्या माणसाचं दिसेना, दातांच्या जाहिरातीतलं दिसे. मग एका सकाळी, बाबांचं टाळूशी टोचणं उरकल्यावर, तिने सुरीच्या टोकाने एक दात जरासा वळवला आणि हात मागे घेतला. मेणातून कोणीतरी तिच्याकडे बघून हसलं.

कवळी वेळेवर तयार झाली. महिन्याची बाकीची कामंही झाली होती. हे सगळं मी नेऊन देतो, बाबा म्हणाले. ते घराबाहेर पडतायत याचाच लेकीला इतका आनंद झाला की त्यांच्या तोंडाकडे तिने नीट पाहिलं नाही.

थोड्या वेळाने दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरीणबाई नेहमीसारख्याच हळू बोलत होत्या. त्या म्हणाल्या, घाबरू नका, सर ठीक आहेत, दात तेवढे खुर्चीखाली सापडले. बाबांना त्या सर म्हणत, कारण लहानपणी बाबांच्या शाळेत उन्हात उभं राहायची शिक्षा त्यांनी भोगली होती. झालं होतं असं की डबे देता देता बाबांना शिंक आली, आणि शिंकेबरोबर आणखीही काही आलं.

लेक धावत पोचली. बाबा तोंडावर रुमाल धरून बाकावर बसले होते, ताठ. क्लॅरिनेटवाले आजोबा शेजारी होते, मांडीवर वाद्य आणि त्यावर न उघडलेला डबा. जिच्या बापाचेच दात शिंकेसरशी उडतात तिने केलेले दात आपण तोंडात घालणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या हातात बाबांची कवळी होती.

“हे आतून कोणी खरवडलं?”

“मी,” लेक म्हणाली. “त्यांना रोज टोचत होतं.”

“रोज?” त्यांनी बाबांना तोंड उघडायला लावलं, आत उजेड टाकून चारी बाजूंनी पाहिलं. “हिरडीवर ओरखडासुद्धा नाही. सर, टोचत होतं कुठे?”

बाबांनी भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे पाहिलं, मग लेकीकडे. “टोचत नव्हतं,” ते रुमालाआडून म्हणाले. “ही उठत नव्हती.”

“मग सांगायचं ना, उठ म्हणून,” लेक म्हणाली.

“सांगून कोणी उठत असतं तर शाळेला ड्रिलमास्तर कशाला लागला असता?”

“पण बाबा, टोचणं खोटं होतं तर खरंखुरं घासू का दिलंत? ढिली होतेय हे कळत नव्हतं?”

“कळत होतं. गेले काही दिवस चिकटवायची पूड लावून चालवत होतो. पण मग तू कामाला बसायचीस.”

लेक म्हणाली, “आईने केलेली होती ती, बाबा.”

इतक्या दिवसांत नळ सोडून दुसरा विषय निघाला तो असा, दवाखान्यात, परक्या माणसांसमोर. डॉक्टरीणबाईंनी कवळी उजेडात फिरवून पाहिली. दात सगळे जागच्या जागी आहेत, त्या म्हणाल्या, गेलाय तो फक्त आतला थर. आत्ता यातच ठसा घेऊ, थर ताईंना नवा भरता येईल. आईंच्या दातांना हात लावायची गरज नाही.

आजोबा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी डबा उघडला, कवळी तोंडात बसवली आणि ‘बस’ म्हणून पाहिलं. नुसतं ‘बस’च ऐकू आलं. मग क्लॅरिनेट उचललं आणि एकच सूर धरला. तो इतका लांबला की बाहेरच्या खोलीतला पेशंट आत डोकावून गेला. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा गाल ओढून आतून बाहेरून तपासलं, बाकीच्या कामांचे डबे उघडून पाहिले, आणि नदीपलीकडे सध्या काही कळवत नाही, एवढंच म्हणाल्या.

मग बाबा खुर्चीत. कवळीत गुलाबी लगदा भरून त्यांच्या तोंडात बसवण्यात आली. घट्ट चावून धरा, मी येईपर्यंत शब्द काढायचा नाही, असं सरांना बजावताना डॉक्टरीणबाईंना थोडं बरं वाटत असावं. त्या आजोबांना घेऊन बाहेर गेल्या.

लेक गोल स्टुलावर बसली. बाबांना बोलता येत नव्हतं, म्हणून तिला आलं.

“आई असती तर हे सगळं उजाडायच्या आत करून मोकळी झाली असती,” ती म्हणाली. “मला नाही तसं जमत. सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली. ती कुठल्या मातीची होती कोण जाणे. मी कधी तिला लोळताना पाहिलं नाही. मला वाटतं, मी काम चुकवत नव्हते बाबा. मी तिच्याएवढी नाही, हे रोज सकाळी उठून बघायचं चुकवत होते.”

बाबांच्या घशातून ‘हं’ आलं. मग दुसरं, चढ्या आवाजात. मग ते बोट नाचवू लागले, भुवया उडवू लागले.

“हलू नका, ठसा बिघडेल.”

बाबा लाल होऊन बसून राहिले. डॉक्टरीणबाईंनी येऊन कवळी काढली तसे ते चूळही न भरता बोलले.

“तुझ्या आईसारखी झोपाळू बाई मी दुसरी पाहिली नाही.”

“आई?”

“रोज मी आरडाओरडा करायचो, माझी शिट्टी हरवली. ती करवादत उठायची, शोधायची. उठलेच आहे तर चहा टाकते म्हणायची, आणि मग लागायची कामाला. तू लहान होतीस, तुला काय, उठलीस की ती पदर खोचून तयार.”

“रोज हरवायची?”

“खिशात असायची.”

“आणि तिला कळलं नाही कधी?”

“पहिल्या आठवड्यातच कळलं.” बाबांनी ओठ पुसले. “तरी शोधायची. सगळं घर पालथं घालायची.”

लेक हसली, आणि मग तिला बराच वेळ औषधांच्या कपाटाकडे बघत बसावं लागलं. डॉक्टरीणबाई नळ सोडून हात धूत राहिल्या, लागतो त्याहून जास्त वेळ.

मग तिने बाबांची कवळी डब्यात ठेवली आणि आज आणखी काही न्यायचंय का, म्हणून विचारलं. ट्रेमध्ये दोन ठसे होते, नुकतेच घेतलेले. उद्या नेलेत तरी चालेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी ओल्या फडक्यात ठेवते.

“नको, आत्ताच द्या,” लेक म्हणाली. “दोन्ही.”

“एक माझ्याकडे दे,” बाबा रुमालाआडून म्हणाले, आणि दार उघडून धरलं.