थर्मास आईच्या हाती

पायसांदू शहराच्या रुग्णालयातील पुनर्वसन विभागात माझी मातोश्री दोमितिला हिला दाखल केले, तेव्हा तिचे वय एक्याण्णव होते. खुब्याचे हाड जुळले होते. परंतु उभे राहण्याचे धैर्य खचले होते. शुक्रवारच्या तपासणीत पलंगापासून मेजापर्यंत स्वतः चालता आले नाही, तर तिची रवानगी वृद्धाश्रमात होणार होती.

पुत्रधर्म जाणून मी तिला घास भरवीत असे, चपला घालीत असे आणि तुंब्यातल्या येर्बाच्या पानांवर थर्मासमधले गरम पाणी ओतून तो कडू काढाही मीच हाती देत असे. वास्तविक आमच्या घरी साठ वर्षे थर्मास तिच्याच हाती होता. आता ती एकच तुंबा पिऊन "आभार" म्हणे. आमच्याकडे आभार मानले, की पुन्हा भरून द्यायचे नसते. तिची जगण्याची वासनाच उडाली, असे मी समजलो.

मंगळवारी व्यायाम शिकविणाऱ्या लुर्देसबाईंनी मला दारातच गाठले.

"अहो वाल्देमार, सकाळी माझ्याबरोबर सहा पावलं चालते ती. तुम्ही आलात की लोळागोळा!"

"बाई, नव्वदी उलटलीय तिची. मी नाही करायचं, तर कोणी?"

"तिनंच. शुक्रवारी तो थर्मास मेजावर ठेवा, आणि हात खिशात."

शुक्रवारी डॉक्टर वही घेऊन उभे राहिले. थर्मास आणि तुंबा मी मेजावर ठेवले होते. आई पलंगावरून तिकडे बघत राहिली.

"ओत की रे," ती म्हणाली.

"तू ओत, आई."

"मेल्या, पडले म्हणजे?"

मी हात खिशातच ठेवले. ती वॉकर धरून उठली. चौथ्या पावलाला तिचा गुडघा लचकला. मी पुढे सरसावलो, तोच लुर्देसबाईंनी माझी बाही ओढली. आई सावरली. मेजाशी पोहोचून, खुर्चीत टेकून तिने तुंबा भरला. अर्धे पाणी मेजावर सांडले. पहिला कडू घोट, ओतणाऱ्याचा मान, तिने स्वतः घेतला.

"अजून दोन आठवडे इथेच," डॉक्टर म्हणाले. "घरच्या तीन पायऱ्या जमल्या, तर घरी. नाहीतर पुन्हा बघू."

तिने तुंबा पुन्हा भरून माझ्यापुढे केला. "कोमट झालंय. तुझ्या हातचं असंच असायचं."

मी प्यालो. सवयीने आभाराचा शब्द ओठांवर आला होता. तो मी गिळला आणि रिकामा तुंबा तिच्या हाती परत दिला.